हॉपकिन्स विरुद्ध मेरीलँड: पहिल्यांदाच लॅक्रॉस बघायला जाताना नजर कुठे ठेवावी?

ताई, तुम्ही सांगलीहून मुलाकडे बाल्टिमोरला आला आहात. मुलगा जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकतो आणि भाचा कॉलेज पार्कला, मेरीलँड विद्यापीठात. येत्या शनिवारी हॉपकिन्सच्या होमवुड मैदानावर या दोन विद्यापीठांचा लॅक्रॉसचा सामना आहे. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने, म्हणजे स्टिकने, चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. तिकिटं काढून झाली आहेत आणि आठवडाभर मामेभाऊ-आतेभाऊ फोनवर एकमेकांना डिवचत आहेत. तुमचं विचारणं असं की क्रिकेट आणि थोडी कबड्डी एवढंच बघितलेल्या माणसाला या खेळात काय बघायचं ते कळेल का, काठ्या घेऊन एवढी मारामारी कशी चालते, हे वैर कशावरून आणि जिंकणार कोण.

मी खडकीत हॉकी खेळत वाढलो आणि गेली सतरा वर्षं बाल्टिमोरच्या आसपास शाळांच्या लॅक्रॉस सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो. सगळे नियम शनिवारपर्यंत डोक्यात भरायची गरज नाही. एक गोष्ट पक्की धरा: गोल झाला की टाळ्या वाजवा आणि लगेच नजर मैदानाच्या मध्यावर न्या. सामना तिथे ठरतो.

हॉकीत किंवा फुटबॉलमध्ये ज्याच्यावर गोल होतो त्याला चेंडू मिळतो. एकाने मारला, आता दुसऱ्याची पाळी, असा तो न्याय आहे. या मैदानावर खेळल्या जाणाऱ्या लॅक्रॉसमध्ये तसं नाही. गोल झाल्यावर चेंडू मध्यावर ठेवतात आणि दोन्ही संघांचा एकेक गडी त्याच्यासाठी झुंजतो. याला फेसऑफ म्हणतात. ज्याने आत्ताच गोल केला तोच पुन्हा चेंडू घेऊन जाऊ शकतो, पुन्हा गोल करू शकतो, आणि पुन्हा फेसऑफ. म्हणून या खेळात आठ-आठ अशी बरोबरी चाललेली असताना पाच मिनिटांत बारा-आठ होऊन बसतं, आणि हरणाऱ्या संघाच्या चढाईवाल्यांनी त्या पाच मिनिटांत चेंडूला हातसुद्धा लावलेला नसतो. नवख्या माणसाला वाटतं, ही पोरं अचानक ढेपाळली की काय. ढेपाळलेली नसतात. त्यांच्यापर्यंत चेंडूच येत नसतो.

तुम्ही सांगलीच्या, म्हणजे कुस्तीचा फड तुम्हाला नवा नाही. फेसऑफ बघताना तोच डोळा ठेवा. दोघं समोरासमोर खाली वाकतात, स्टिकची डोकी जमिनीला टेकवतात, मधे चेंडू असतो. मी पंच म्हणून चेंडू ठेवतो, 'डाऊन' म्हणतो, दोघं स्थिर झाले की 'सेट' म्हणतो, मागे सरतो आणि शिट्टी वाजवतो. 'सेट' आणि शिट्टी यांच्यामधला वेळ मी मुद्दाम दर वेळी थोडा बदलतो, नाहीतर मुलं ताल पकडतात आणि शिट्टीच्या आधीच हात चालवतात. त्या एका सेकंदात मला दोघांचा श्वास ऐकू येतो. ज्याचं वजन पुढच्या पायावर जास्त गेलं आहे तो बहुधा चेंडूवर स्टिक दाबून धरणार. जो थोडा मागे बसलाय तो समोरच्याला दाबू देऊन खालून चेंडू उपसणार. फेसऑफ घेणाऱ्या मुलांपैकी बरीच जण शाळेत कुस्तीही खेळलेली असतात. मनगट, खांदा, कंबर आणि समोरच्याचं वजन ओळखणं, सगळी कुस्तीचीच विद्या आहे. २०२१ च्या हंगामापासून कॉलेजच्या खेळात गुडघे टेकायला आणि मोटरसायकलची मूठ पिळल्यासारखी पकड घ्यायला बंदी आली. तेव्हापासून चेंडू जास्त वेळा मोकळा सुटतो आणि नुसत्या ताकदीइतकंच पायांनाही महत्त्व आलं.

आणखी एक गोष्ट टीव्हीवर नीट दिसत नाही, मैदानात बसल्यावर दिसते. मधल्या दोघांशिवाय प्रत्येक संघाचे दोन गडी बाजूच्या रेषांवर उभे असतात. शिट्टी वाजली की ते चौघं आत धावत येतात. बाकीच्यांना चेंडू कोणाच्या तरी ताब्यात जाईपर्यंत आपापल्या रेषेमागे थांबावं लागतं. म्हणजे काही क्षण मैदानावर फक्त सहा जणांचा खेळ चालतो. मधला गडी कित्येकदा चेंडू स्वतः उचलतच नाही, बाजूने येणाऱ्या साथीदाराच्या वाटेवर ढकलतो. जमिनीवरचा चेंडू पळत-वाकत उचलणं, याला ग्राऊंड बॉल म्हणतात, हे इथे आठ वर्षांच्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात आणि कॉलेज संपेपर्यंत शिकवत राहतात. कान दिलात तर ओरडणं ऐकू येईल. एक जण 'बॉल' म्हणतो, दुसरा 'मॅन' म्हणतो, म्हणजे मी चेंडू घेतो, तू त्या माणसाला अडव. चेंडू हाती आला की 'रिलीज' अशी आरोळी येते, म्हणजे आता अडवणं सोडा, नाहीतर फाऊल होईल.

फेसऑफला एवढं वजन का, हे मेरीलँडच्याच एका सामन्यातून समजेल. २०२१ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात व्हर्जिनिया १७-१५ ने पुढे होती. मेरीलँडने गोल करून १७-१६ केलं तेव्हा घड्याळात दहा-अकरा सेकंद उरले होते. हॉकी असती तर व्हर्जिनियाने चेंडू घेऊन शांतपणे वेळ काढला असता. इथे फेसऑफ झाला. मेरीलँडच्या ल्यूक वीरमनने तो जिंकला, थेट गोलकडे धावला आणि फटका मारला. व्हर्जिनियाचा गोलरक्षक अ‍ॅलेक्स रोड याने तो अडवला आणि सामना संपला. मेरीलँड त्या हंगामात तोपर्यंत एकही सामना हरली नव्हती. पुढच्या वर्षी तेच मेरीलँड १८ पैकी १८ सामने जिंकून विजेते झाले आणि मध्यावर तोच वीरमन होता. मी ते शेवटचे दहा सेकंद माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या पंचांना अजूनही दाखवतो, कारण त्या गडबडीत शिट्टी एका श्वासाने लवकर वाजली असती तरी वर्षभराचा निकाल बदलला असता.

बरोबरी झाली तर चार-चार मिनिटांचे जादा डाव असतात आणि पहिला गोल करणारा जिंकतो. त्याची सुरुवातही फेसऑफनेच होते. शनिवारी तशी वेळ आली तर उभं राहूनच बघा, सगळं मैदान उभंच असेल.

आता बाकीचा खेळ थोडक्यात. प्रत्येकी दहा गडी: एक गोलरक्षक, तीन बचाववाले, तीन मधले, तीन चढाईवाले. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. चेंडू भरीव रबराचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका. गोल फक्त सहा फूट बाय सहा फूट, पण तो मैदानाच्या टोकाला नसून साधारण १४ मीटर आत असतो. त्यामुळे गोलच्या मागेही खेळ चालतो. चढाईवाला मागे उभा राहून पास देतो आणि गोलरक्षकाला एकदा मागे आणि एकदा पुढे मान फिरवावी लागते. मान फिरते त्या क्षणी बरेच गोल होतात. बचाववाल्यांच्या हातात सहा फुटांपर्यंतची लांब स्टिक असते, चढाईवाल्यांची साधारण साडेतीन फुटांची. लांब स्टिक ज्याच्या हातात, तो समोरच्याकडून चेंडू झटकायला बघणार, एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धा खेळ कळतो.

एका नियमाने तुम्ही चकित व्हाल. गोलवर मारलेला फटका चुकून बाहेर गेला, तर चेंडू बाहेर जाताना जो गडी त्याच्या सर्वांत जवळ असेल त्याच्या संघाला तो मिळतो. त्यामुळे फटका मारताना एक जण आधीच मागच्या रेषेकडे धावत सुटतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते विचित्र वाटतं, चेंडू तर केव्हाच बाहेर गेला, हा कुठे पळतोय? तो चेंडू राखायला पळतोय. यातूनही तेच दिसेल की या खेळात कोण किती जोरात मारतो याइतकंच चेंडू कोणाकडे राहतो हे महत्त्वाचं. फटके जोरातच असतात म्हणा, चांगल्या कॉलेज खेळाडूचा चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास जातो.

चेंडू मिळाल्यावर कायमचा धरून बसता येत नाही. २०१९ पासून ८० सेकंदांचं घड्याळ आहे. त्यात गोलरक्षकाला लागेल किंवा गोलच्या खांबाला लागेल असा फटका मारावाच लागतो, आणि त्यातल्या पहिल्या वीस सेकंदांत मधली रेषा ओलांडावी लागते. ही रेषा ओलांडणं म्हणजे क्लिअर आणि ती ओलांडू न देणं म्हणजे राईड. इथेही मधल्या पट्ट्यातच बघा. बचाववाला चेंडू घेऊन स्वतः पुढे पळाला, तर त्याच्या संघाचा एक मधला गडी रेषेमागे थांबून स्टिक उंच धरतो, कारण आपल्या अर्ध्यात किमान चार जण राहिलेच पाहिजेत. ही शिस्त सुटली की चेंडू गेला. अटीतटीच्या सामन्यांत मला गोलरक्षकाच्या चुकीपेक्षा अशा चुका जास्त महाग पडलेल्या दिसल्या आहेत.

मारामारीचं. खेळ अंगावरचा आहे, यात शंका नाही. पण हेल्मेट, खांद्याचे पॅड, जाड हातमोजे असतात आणि नियम कडक आहेत. स्टिकवर आणि स्टिक धरलेल्या हातमोज्यावर मारलेलं चालतं. खांद्याने समोरून धडक चालते, तीही चेंडूवाल्याला किंवा मोकळ्या चेंडूजवळच्या माणसाला. पाठीमागून धडक, डोक्याला किंवा मानेला धक्का, स्टिक आडवी धरून ढकलणं, हे फाऊल. पंच पिवळा रुमाल टाकतो आणि गुन्हा करणारा बाहेर बसतो. किरकोळ असेल तर तीस सेकंद, गंभीर असेल तर एक ते तीन मिनिटं. तेवढा वेळ त्याचा संघ एका माणसाने कमी खेळतो. महिलांच्या लॅक्रॉसमध्ये धडक जवळपास नाहीच आणि नियमही बरेच वेगळे आहेत, त्यामुळे कॅम्पसवर मुलींचा सामना पाहिला असेल तर त्यावरून शनिवारचा अंदाज बांधू नका.

पहिला सामना बघताना मला सर्वांत गोंधळात टाकलं ते बदली खेळाडूंनी. खेळ चालू असतानाच गडी बाजूच्या चौकोनातून आत-बाहेर करतात. फेसऑफ जिंकणारा माणूस चेंडू देऊन लगेच बाहेर पळतो, त्याच्या जागी चढाईत तरबेज असलेला आत येतो. दोन्ही संघ हेच करत असतात आणि त्या अदलाबदलीच्या दोन-तीन सेकंदांत बचाव विस्कळीत असतो. धीट संघ तेव्हाच हल्ला चढवतो. हॉकीत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना हे पकडायला एक हंगाम गेला.

आता वैर. हे दोन संघ पहिल्यांदा १८९५ मध्ये भिडले. हॉपकिन्सचा संघ त्याआधी १८८३ पासून आहे. दोन्ही विद्यापीठांत अंतर साधारण पन्नास किलोमीटर, म्हणजे सांगली-कोल्हापूर एवढंच समजा. आणि त्या दोन गावांच्या पैलवानांमध्ये आणि तालमींमध्ये जे असतं तेच इथे आहे: एकमेकांना लहानपणापासून ओळखणारी माणसं. बाल्टिमोरच्या एकाच शाळेत, एकाच क्लबात शिकलेली दोन मुलं, एक हॉपकिन्सला जातो, एक मेरीलँडला. मी ज्यांच्या बाराव्या वर्षी शिट्टी वाजवली अशी मुलं दोन्ही बाजूंनी मैदानात उतरलेली पाहिली आहेत. मेरीलँड राज्याने २००४ मध्ये लॅक्रॉसला राज्याचा अधिकृत सांघिक खेळ ठरवलं, इतका तो इथल्या घराघरात आहे.

हॉपकिन्ससाठी तर याचं मोल आणखी वेगळं आहे. या विद्यापीठाचे बाकी बहुतेक सगळे खेळ तिसऱ्या श्रेणीत खेळले जातात. पहिल्या श्रेणीत फक्त लॅक्रॉस आहे, पुरुषांचं आणि महिलांचं. इतर अमेरिकी कॉलेजांत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा शरद ऋतूत फुटबॉलच्या सामन्याभोवती भरतो, इथे तो वर्षानुवर्षं वसंतात लॅक्रॉसभोवती भरत आला. १९२८ ला अ‍ॅम्स्टरडॅम आणि १९३२ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस प्रदर्शनीय खेळ होता आणि दोन्ही वेळा अमेरिकेतर्फे हॉपकिन्सचाच संघ उतरला.

राष्ट्रीय स्पर्धा आजच्या रूपात १९७१ मध्ये सुरू झाली. १९७३ च्या अंतिम सामन्यात मेरीलँडने हॉपकिन्सला १०-९ ने हरवलं, दोन जादा डावांनंतर, आणि निर्णायक गोल पहिल्या वर्षाच्या फ्रँक उर्सोने केला. पुढच्याच वर्षी हॉपकिन्सने अंतिम सामन्यात मेरीलँडला १७-१२ ने नमवलं, १९७९ मध्ये पुन्हा १५-९ ने. या स्पर्धेची नऊ विजेतेपदं हॉपकिन्सकडे आहेत, शेवटचं २००७ चं. मेरीलँडने १९७५ नंतर थेट २०१७ मध्ये विजेतेपद मिळवलं. मधली ४२ वर्षं ते वारंवार अंतिम फेरीत जाऊन हरत राहिले. त्यामुळे तुमचा भाचा २०१७ आणि २०२२ ही दोन सालं मुलाला सारखी ऐकवत असेल, आणि मुलगा त्याला नऊचा आकडा सांगत असेल. दोघांचंही बरोबर आहे.

२०१५ पासून दोन्ही संघ लॅक्रॉससाठी बिग टेन या एकाच गटात आहेत. या गटात लॅक्रॉस खेळणारे सहाच संघ असल्याने प्रत्येक सामन्याचा परिणाम पुढच्या वाटचालीवर होतो. जिंकणाऱ्याला लाकडी खेकड्याचा भलामोठा चषक मिळतो. खेकडा इथल्या उपसागराची ओळख आहे, आपल्याकडे कोकणात सुरमई-पापलेटचं जे कौतुक तेच इथे खेकड्याचं.

कोण जिंकेल? मी मेरीलँडला थोडं वरचढ धरतो. जॉन टिलमन २०११ पासून तिथे प्रशिक्षक आहेत आणि त्यांच्या संघांची खूण म्हणजे चेंडू फुकट न घालवणं. ८० सेकंदांतले साठ ते शांतपणे पास देत काढतील आणि समोरचा बचाव कुठे दमतो ते बघत राहतील. अशा संघाला हरवायचं तर त्याच्याकडे चेंडू जाऊच द्यायचा नाही, म्हणजे पुन्हा फेसऑफ. म्हणून पहिला डाव संपेपर्यंत मोबाइलवर किंवा कागदावर साध्या रेघा मारा: मध्यावर कोण किती वेळा जिंकलं. हॉपकिन्स तिथे निम्म्याहून बरंच पुढे असेल, तर घरच्या मैदानावर मी माझं मत बदलेन. गोलफलक तेव्हा काहीही सांगत असला तरी.

एक गोष्ट मात्र जाण्यापूर्वी माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. हा खेळ बाल्टिमोरचा नाही, कॉलेजांचाही नाही. तो इथल्या मूळ रहिवाशांचा आहे. हौदेनोसौनी लोक त्याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतात. आजारी माणसाला बरं वाटावं, समाजावरचं संकट टळावं म्हणून तो खेळला जातो, आणि लाकूड वाकवून हाताने बनवलेली स्टिक त्यांच्याकडे अजूनही बनते. लॅक्रॉस हे नाव फ्रेंचांनी दिलेलं आहे. १८६७ च्या सुमारास मॉन्ट्रियलच्या विल्यम जॉर्ज बीअर्स या दंतवैद्याने नियम लिहिले आणि खेळ शहरांत आला. हौदेनोसौनींचा स्वतःचा राष्ट्रीय संघ आहे आणि २०२३ च्या जागतिक स्पर्धेत तो अमेरिका आणि कॅनडा यांच्या मागे तिसरा आला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आपल्या झेंड्याखाली खेळता यावं म्हणून ते झटत आहेत. माझ्या मते त्यांना ती परवानगी मिळायलाच हवी. ज्यांनी खेळ दिला त्यांनाच दारात उभं ठेवणं मला पटत नाही.

ऑलिंपिकचा विषय निघालाच आहे तर: लॅक्रॉस परत घेण्याचा निर्णय आपल्या मुंबईत झाला, ऑक्टोबर २०२३ मधल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात, क्रिकेटबरोबर एकाच ठरावात. पण तिथे खेळला जाणारा प्रकार सहा-सहा गड्यांचा, लहान मैदानाचा आहे आणि त्यात गोलनंतर फेसऑफ नसतो. गोलरक्षक चेंडू उचलतो आणि खेळ सुरू. वेगवान आहे, टीव्हीला सोयीचा आहे, पण ज्या गोष्टीसाठी मी तुम्हाला मध्यावर बघायला सांगतोय तीच त्यात उरलेली नाही. म्हणून हा शनिवारचा सामना बघाच.

बसायला जागा निवडता आली तर गोलच्या मागे बसू नका, मुलं तिकडेच नेतील. मधल्या रेषेच्या समोर, थोडं वरच्या पायरीवर बसा. एप्रिलची दुपार उन्हाची दिसते पण होमवुडला वारा बोचतो, स्वेटर आणि शाल बरोबर असू द्या. गाडी लांब लावून चालावं लागेल, अर्धा तास आधी पोहोचा. सरावात फेसऑफवाले दोघं बाजूला एकटेच वाकून हात चालवत असतील. त्यांचे नंबर तेव्हाच बघून ठेवा.